चित्रात जिना नव्हता

वहिनी, आता माझ्या गोष्टीतले बैल मोजायला कोणी उरलं नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी गोष्ट सांगायला लागलो की नाल्याला जरा जास्त पूर येतो, दोन बैलांची गाडी चार बैलांची होते आणि रानातलं अस्वल निदान म्हशीएवढं भरतं. लग्नात, बारशात, पंगत उठल्यावर सुपारी कातरताना लोक मला मधोमध बसवून घ्यायचे. मी रंगात आलो की आतल्या दारामागून तुमचा आवाज यायचा, "भाऊजी, बैल दोनच होते." मंडळी हसायची. मी जास्तीचे बैल मुकाट्यानं सोडून द्यायचो आणि पुढे निघायचो. पुढच्या वळणावर पुन्हा जोडायचो, तो भाग वेगळा.

तुम्ही गेल्यापासून या पंधरवड्यात घरात माणसांचा नुसता राबता आहे. आलेला प्रत्येक जण थोडा वेळ डोळे पुसतो आणि मग माझ्याकडे वळून म्हणतो, "ते जिन्याचं सांगा हो, बाबूराव." मी सांगतो. परवा सांगताना मी त्या जिन्याच्या पायऱ्या दुप्पट केल्या, नानाजींच्या मिशा छातीपर्यंत नेल्या, आणि आतून कोणी हूं की चूं केलं नाही. गोष्ट माझी तिथंच अडली. थाप पचली की माणसाला इतकं पोरकं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

म्हणून कागद घेऊन बसलो आहे. तुम्हालाच सांगतो. तुमच्यासमोर फार वाढवता येत नाही, आणि काल तेरवीला जे झालं ते तुम्हाला सांगितल्यावाचून माझ्या जिवाला चैन पडायचं नाही. पण तुम्ही म्हणाल, सुरुवातीपासून सांगा. बरं. सुरुवात त्या चित्रापासून.

जंगलखात्याच्या साहेबाचा तंबू तेव्हा दर हिवाळ्यात आपल्या गावाबाहेरच्या आमराईत पडायचा. त्याची मडम दही न्यायला स्वतः यायची आणि बूट घालूनच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसायची. आई नंतर तो उंबरा धुऊन काढायची, पण दही द्यायची घट्ट, तुमच्या हातचं. तुम्ही नव्या होता. एकदा मडम कापडात गुंडाळून ते चित्र घेऊन आली आणि तुमच्यापुढे धरून आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "हमारा दादा बनाया. हमारा गाँव." तुम्ही पदर मागे सारून इतका वेळ ते पाहत राहिलात की चुलीवरचं दूध उतू गेलं. पुढे स्वराज्य आलं, साहेब निघाला, आणि जायच्या दिवशी चपराशाच्या हाती ते चित्र काचेच्या फ्रेमसकट आपल्या घरी आलं. कोणासाठी, तर 'छोटी बाई'साठी. पाटलासाठी नाही, पाटलाच्या थोरल्या मुलासाठी नाही, मॅट्रिक झालेल्या धाकट्यासाठी तर नाहीच नाही.

मागच्या पुठ्ठ्यावर शाईनं इंग्रजी लिहिलेलं होतं. घरात इंग्रजी येणारा मी एकटा, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे पाहत उभे राहिले. साल वाचता आलं, गेल्या शतकातलं होतं. गावाचं नाव मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ते वेगळं निघालं. आई म्हणाली, "राहू दे बापा. दूरचं गाव असन."

तसं पाहिलं तर चित्र साधंच. पाण्यात कालवलेले फिके रंग. दगड बसवलेली एक अरुंद गल्ली, ओलसर आभाळ, आणि दोन्ही बाजूंना जुनाट घरं. वरचा मजला खालच्यापेक्षा पुढे आलेला, इतका की या खिडकीतून त्या खिडकीत भाजीची वाटी देता यावी. काळ्या लाकडांचा सांगाडा बाहेरून दिसतो आणि मधल्या भागात पांढरट भिंत. एकही घर सरळ नाही. जत्रेहून परत येणारी माणसं एकमेकांच्या खांद्यावर भार टाकून चालतात तशी सगळी एकमेकांवर रेललेली.

आपल्या भिंतीवर तोवर फ्रेममध्ये दोनच जातीचे लोक असत, देव आणि मेलेली माणसं. दसऱ्याला तुम्ही सगळ्या तसबिरी पुसल्या, प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि त्या ओघात इंग्रजांच्या गल्लीलाही लावलं. आईनं विचारलं, "त्यात देव कोठं आहे वं?" तुम्ही म्हणालात, "घरं आहेत नं, आत्याबाई. कोणाचे तरी असतीनच." तेव्हापासून दर दसऱ्याला त्या काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटू लागलं. मी तहसिलीतल्या मित्रांना हे सांगून पुष्कळ हसवलं आहे. सांगताना फुलाची माळ मी माझ्याकडून करत असे.

आणि मग आपलं ते भांडण. अजून मिटलेलं नाही, आणि आता तर तुम्ही ते अर्धंच टाकून गेलात.

एका दुपारी काच पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "भाऊजी, हे घरं कुडाचे आहेत."

मी तंबाखू मळत होतो, ती सांडली. कूड म्हणजे आपला कूड. तुराट्या-पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या-कपाशीच्या वाळक्या काड्या विणायच्या, वरून शेणमाती लिंपायची, झाली भिंत. साहेब लोकांनी एवढ्या दुनियेवर राज्य केलं ते काय कुडाच्या घरात राहून? मी तुम्हाला चांगलं समजावलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि चित्रातल्या एका खिडकीखाली बोट ठेवलंत. तिथं भिंतीचा पोपडा पडल्यासारखा दाखवला होता आणि आत बारीक आडव्या-उभ्या रेघा होत्या. "हे पाहा, गिलावा पडला अन् आतल्या काड्या दिसून राह्यल्या." मी म्हटलं, तो ब्रशाचा ओरखडा आहे. "ओरखडा कायले असा विणीन?" मी म्हटलं, चित्रकाराचा हात थरथरला असेल. तुम्ही म्हणालात, "आजोबा होता तो तिचा. माझा आजोबा होता काय, थरथराले?" याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही, पण त्या दिवशी मी हरलो होतो, एवढं कळलं. हरलो तरी मान्य केलं नाही. आजही करत नाही, वहिनी. इंग्लंडला जाऊन भिंतीत बोट घालून पाहावं एवढी सवड दोघांनाही झाली नाही, म्हणून खटला चालूच आहे असं मी धरून चालतो.

चित्रात रस्त्यावर एकही माणूस नाही, आणि खिडक्या मात्र उघड्या. मी म्हटलं, माणसं काढता येत नसतील बिचाऱ्याला. तुमचं म्हणणं वेगळं होतं. बाया वर खिडकीत बसून आहेत, म्हणून माणसं शहाण्यासारखी आपापल्या कामाला गेली आहेत.

हे मी हसण्यावारी नेलं. तुमच्या मनात काय चाललं आहे ते मला कळलं लीलाच्या लग्नानंतर. तुमची एकुलती लेक राळेगावला दिली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिनं यायचं म्हणजे दिवसभर दोन-तीन मोटारी बदलून संध्याकाळी पुसदच्या मोटारीनं उतरायचं. मोटार थांबते आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. पण घराची रस्त्याकडची बाजू सगळी बैठकीची, म्हणजे तुमच्या मालकांची, माझ्या दादाची, आणि दादाकडे येणाऱ्या गावाची. पाटलाच्या घरची बाई तिकडे फिरकत नसे. तुमचा राबता स्वयंपाकघर, मागचं अंगण आणि विहीर एवढाच. लग्न होऊन आलात तो रस्ता तुम्ही पुढे पाहिला तो फक्त माहेरी जाता-येताना.

"भोंगा ऐकू येते, भाऊजी," तुम्ही एकदा भाकरी थापताना म्हणालात, माझ्याकडे न पाहता. "पण लीला उतरली का नाही, हे भोंगा सांगत नाही. आली असन तं दार वाजते. नाही आली तं मी दार वाजाची वाट पाहत राह्यते. मले वरते एक खिडकी पाह्यजे. चित्रातल्यासारखी."

दादानं एका वाक्यात निकाल दिला. काळ्या मातीवर माडी म्हणजे म्हशीच्या पाठीवर माठ. खोटं नव्हतं ते. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन अशी भेगाळते की चप्पल गडप व्हावी, आणि पावसाळ्यात फुगते. भिंती हलतात, चौकटी वाकड्या होतात. विटांची माडी चढवली तर घर बसायचंच. दादानं सांगितलं आणि तो विषय संपला असं समजून पान लावायला घेतलं.

तुम्ही वाद घातला नाहीत. तुम्ही चित्र उतरवून त्याच्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, वीट कायले? कूड करू. तुराट्या आपल्या शेताच्या, माती आपली. कुडाले वजन किती असते? हे घरं पाहा, किती कलले, पण उभे आहेत.

त्याच साली आपलं फुलसावंगी जागचं तसूभर न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं होतं. तहसिलीत आम्ही नवे शिक्के मारून मारून दमलो होतो. दादाही त्या दिवसांत जरा हललेलाच होता. म्हणाला, राज्य बदलते तं घर बदलाले काय होते. करा.

पुढचं सगळ्या गावाला पाठ आहे, पण तुमच्यासमोर एकदा नीट सांगतो. उकंडा सुतार कामाला आला. मी चित्र अंगणातल्या निंबाला खिळा मारून टांगलं, धूळ बसू नये म्हणून त्याला धोतराचा तुकडा घातला. सकाळी आल्यावर उकंडा देवाचा पडदा सारावा तसा तो सारायचा, अंगठा पुढे धरून एक डोळा मिटायचा आणि कामाला लागायचा. साहेबाच्या गावाप्रमाणे व्हायला पाहिजे, ही तुमची ताकीद. मजला रस्त्यावर पुढे आला पाहिजे, आला. खाली सागवानी टेकू पाहिजेत, बसले. लाकडं बाहेरून दिसली पाहिजेत, दिसली. देखरेखीला सुटी काढून मी होतो, हे विशेष सांगायला पाहिजे. बांबूची परांची, तिला टेकलेली लांब शिडी. उकंडा शिडीनं चढे, मी शिडीनं चढे, तुमचा लहानगा माधव तर शिडीवरून उतरतच नसे.

वैशाखात, अखजीच्या सणाच्या आदल्या दिवशी काम संपलं. परांची सोडली, शिडी गाडीवर घालून परत पाठवली. तुम्ही डोक्यावर पदर घेऊन घराला वळसा घालून रस्त्यात आलात, हातात नारळ-कुंकवाचं ताट. वर पाहिलंत. खरं सांगतो, मडमेच्या आजोबानं पाहिलं असतं तर घरी आल्यासारखं वाटलं असतं त्याला. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि मग हळू आवाजात विचारलंत, "वरते जायचं कोठून?"

उकंडानं माझ्याकडे पाहिलं. मी उकंडाकडे पाहिलं. मग उकंडा निंबाखाली गेला, चित्रावरचा तुकडा सारला, चित्र वरून खाली पाहिलं, फ्रेमच्या कडेनं घरामागे काही दिसतं का तेही डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, यात जिना नाही."

दादा ओट्यावर बसला होता. आई गेल्यापासून त्याला मनमोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. तो खांबाला धरून हसला. उकंडा हसला, रस्त्यानं जाणारे थांबून हसले. मी देखरेख करणारा असल्यामुळे मला हसावं की नाही ते ठरवता येईना. तुम्ही एकट्या हसला नाहीत. ताट घेऊन उभ्या होता, आणि डोळे वर खिडकीकडेच.

खोली बैठकीच्या डोक्यावर होती, कारण रस्ता तिकडेच. म्हणजे जिना काढायचा तर बैठकीतूनच काढावा लागणार. बाहेरून शिडी लावावी तर पाटलाची बाई भररस्त्यात शिडी चढणार का? नाही. दादानं बैठकीच्या कोपऱ्यात जिना काढू दिला, आणि इतक्या सहज की मला शंका आली. मागाहून कळलं. त्याचा हिशेब सरळ होता. बैठकीत दिवसभर माणसं. माणसांतून बाई जाणार नाही. म्हणजे खोली सरकी ठेवायला त्याला फुकटात मिळाली.

त्या पावसाळ्यात तुम्हाला खोली होती, जिना होता, आणि वर जाता येत नव्हतं. बैठक रिकामी झाली तर जायचात, म्हणजे भर दुपारी, जेव्हा रस्त्यावर कुत्रं नसतं. संध्याकाळी भोंगा वाजायचा तेव्हा तुम्ही आतल्या दाराशी उभ्या, आणि मधे पंधरा पगड्या-टोप्या.

मग लीला पहिल्या बाळंतपणाला यायची होती. कोणत्या दिवशी ते नक्की नव्हतं. बैठकीत त्या संध्याकाळी वेगळा विदर्भ की संयुक्त महाराष्ट्र हे ठरत होतं. ते आपल्याच बैठकीत ठरणार अशी सगळ्यांची खात्री होती. आपल्या गावचे नानाजी देशमुख बोट वर करून बोलत होते. भोंगा वाजला. आतल्या दाराशी तुमच्या बांगड्या वाजल्या, आणि तुम्ही आलात.

तुम्ही घाई केली नाहीत, ते मला आठवतं. पदर नाकापर्यंत होता, पण पाऊल शेतातून चालल्यासारखं. कोणाचा पाय आडवा होता त्याच्यापाशी थांबलात, त्यानं तो ओढून घेतला, पुढे निघालात. जिना चढलात. वर फळ्या वाजल्या, खिडकी उघडल्याचा आवाज आला. नानाजींचं बोट वरच राहिलं होतं. आपण कोणत्या बाजूनं बोलत होतो हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी पाणी मागितलं.

तुम्ही खाली आलात, शेवटच्या पायरीवर थांबलात आणि भिंतीकडे पाहत म्हणालात, "लीला उतरली. पोटुशी आहे. ट्रंक कोणी उचलन काय?"

सगळी बैठक उठली. विदर्भवाले आणि महाराष्ट्रवाले एका ट्रंकेला लटकून आले.

दादा पुढच्या आठवडी बाजारापर्यंत तुमच्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "चारचौघातून चालत गेली तू." तुम्ही म्हणालात, "जिना मी ठेवला काय तिथं?" हे तुम्ही मला स्वतः सांगितलंत आणि सांगताना इतक्या हसलात की ठसका लागला.

आणि मग ते रुळलंच. संध्याकाळी आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या की माणसं बोलणं न थांबवता पाय आखडून घेऊ लागली. इतर गावचे पाहुणे चकित व्हायचे, त्यांनाही शेजारचा माणूस गुडघ्यावर चापट मारून पाय घ्यायला लावायचा. तुम्ही चित्र वर नेऊन खिडकीशेजारी टांगलंत. दर पावसाळ्यानंतर खोली रस्त्याकडे थोडी कलायची, तुम्ही चित्राशी ताडून पाहायचात आणि मला सांगायचात, आता कुठं तशी दिसू लागली. मी एकदा विचारलं, लीला काही रोज येत नाही, मग रोज वर बसून करता काय? तुम्ही म्हणालात, "तुम्ही खालते बैठकीत काय करता? तेच."

एक मात्र मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पूर्वी तुमचा आवाज दारामागून यायचा. जिना झाल्यावर तुम्ही उतरता उतरता मधल्या पायरीवर टेकायला लागलात, आणि माझ्या गोष्टीतले बैल तिथून मोजायला लागलात, सगळ्यांदेखत. मी त्यानंतर जे बैल वाढवले ते मुद्दाम वाढवले, वहिनी. गोष्टीला त्यांची गरज नव्हती. मला ते जिन्यावरून येणारं वाक्य पाहिजे असायचं.

दादा मात्र कधी वर गेला नाही. आधी गुडघा म्हणाला, मग कुडाचा भरवसा नाही म्हणाला. तुम्ही मलाही त्याच्या मागे लावलंत, मी पुष्कळ बोललो, व्यर्थ. पुसदला काय चाललं, नागपूरला काय ठरलं, हे तो मला खोदून खोदून विचारायचा. डोक्यावरच्या खोलीतून काय दिसतं, हे त्यानं तुम्हाला एकदाही विचारलं नाही. तुम्हीही आपण होऊन सांगितलं नाहीत. तुम्ही दोघं यात सारखेच.

आता इकडचं. दशक्रियेहून आल्यावर दादानं सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, तेरवी झाली की वरची खोली उतरवून टाकायची. कलली आहे. सागवान गोठ्याला कामी येईल. चित्र लीला घेऊन जाईल.

लीला रडून लाल झाली. "माय गेली, आता खिडकीही काढता काय, बाबा?" मग मी उठलो. मी काय बोललो असेन याची तुम्हाला कल्पना आहे. मडमेच्या आजोबाच्या आधीपासून ती घरं कललेली, अजून उभी, वगैरे. दादानं विचारलं, "तिथं काळी माती आहे काय?" मी ठासून म्हटलं, आहे. आतल्या दाराकडे आपोआप नजर गेली माझी. थाप पचली.

मी उकंडाला बोलावून घेतलं. आता म्हातारा झाला आहे. तो वर गेला, टेकू ठोकून पाहिले, भिंतीला खांदा लावला, आणि खाली येऊन म्हणाला, "पडाची असती तं पह्यल्याच पाण्यात पडली असती, पाटील."

मला वाटलं, जिंकलो. दादानं उकंडाकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "पडते म्हणून नाही काढत." आणि मग, "संध्याकाळी वरते पाय वाजत नाही. मले खालते बसवत नाही."

वहिनी, इतकी वर्षं तुम्हाला वाटत राहिलं, मलाही वाटत राहिलं, की या माणसाचं वरच्या खोलीकडे लक्ष नाही. तो रोज खाली बसून ऐकत होता. तुम्हाला हे माहीत होतं का? माहीत असेल तर तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. नसेल तर आता मी तुम्हाला सांगतो आहे, आणि या लिहिण्यातली हीच एक गोष्ट तुमच्यापर्यंत पोचावी असं मला फार वाटतं.

काल तेरवी. तुमच्या माहेरची माणसं उमरखेडहून यायची होती. त्यांनी आणलेलं दुखवट्याचं वस्त्र आल्यावाचून पान वाढायचं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. पत्रावळी मांडून झाल्या, भात उतरला, बैठक ओट्यापर्यंत भरलेली. मोटारीला उशीर. कोणी म्हणालं, फाट्यापर्यंत जाऊन पाहतो. कोणी म्हणालं, मोटार बिघडली असेल. दादा जिन्याला पाठ लावून बसला होता. माधव वाढप्यांत. मला सगळ्यांनी गोष्ट सांगायला बसवलं होतं आणि मी नाही म्हणत होतो.

तेवढ्यात आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या.

माणसांनी पाय आखडून घेतले. आधी घेतले, आणि मग मान वळवून पाहिलं, की आता कोण?

कुसुम होती. माधवची, तुमची सून. या उन्हाळ्यात लग्न झालं, अजून दादासमोर तिनं अख्खं वाक्य उच्चारलेलं नाही. तिला कोणी पाठवलं नव्हतं. मी रात्री विचारून घेतलं, लीलानंही नाही. भात निवून चालला होता आणि मोटार कुठवर आली हे पाहायला पाहिजे होतं, एवढंच तिचं म्हणणं. पदर सावरून ती बैठकीतून निघाली. दादा जिन्याशी होता, म्हणून तिला थांबावं लागलं. दादानं तिच्याकडे पाहिलं. मग हाताचा आधार घेऊन, गुडघा सांभाळत, तो बाजूला सरकला.

वर फळ्या वाजल्या. तुमच्यापेक्षा हलकं पाऊल आहे तिचं, पण त्याच दोन फळ्या वाजतात. खिडकी उघडली. दादा वर पाहत होता, तुळयांकडे. मग त्यानं घसा साफ केला आणि विचारलं, "काय दिसते, बाई?"

वहिनी, हा प्रश्न तुमचा होता. तो तुम्हाला विचारायचा राहिला आणि तुमच्या सुनेला विचारला गेला. तुम्हाला राग येईल का, यावर मी रात्रभर विचार केला. नाही येणार. मी तुम्हाला ओळखतो.

सासऱ्याशी बोलायचं तिच्या अंगवळणी नाही. मग बारीक आवाज आला, "धूळ दिसून राह्यली, मामाजी. मोटार आहे का बैलगाडी आहे, समजत नाही."

"मंग बस तिथंच," दादा म्हणाला. "समजलं म्हणजे सांग."

पत्रावळींवर माशा बसत होत्या, भात निवत होता, आणि एवढ्या माणसांत घाई कोणालाच नव्हती.